एर्मेलिंदचं अर्धं पाऊल

रोमाल्दनं बायकोच्या दुखवट्याचं वर्ष सरायच्या आत घरात दुसरी आणून ठेवली, ही बातमी आमच्या वाड्यावर पहिल्यांदा पाववाल्याच्या सायकलीवरून आली. पाववाला सगळ्यांच्याच दारात थांबतो, त्यामुळे पाव निवायच्या आत बातमी गावभर गरम झाली होती.

पुरावा पक्का होता. दुपारी गाव जेवूनखाऊन आडवं झालं, की रोमाल्दच्या बंद दिवाणखान्यातून टाचांचा आवाज यायचा. टक्, मग थोडं थांबून टक्-टक्. बाईच्या उंच टाचांचा आवाज तो, त्यात कुणाला शंका नव्हती. रोमाल्दच्या पायात जन्मभर बोटीवरचे सपाट बूट. मग टाचा कुणाच्या? कुणी म्हणालं, कुडचड्याची नर्स आहे. कुणी म्हणालं, मुंबईत गोवेकर खलाशांच्या कुडात राहायचा तेव्हाची जुनी ओळख आहे. तिला कुणीच पाहिलं नव्हतं, पण तिच्या झग्याचा रंग मात्र चार घरांत चार सांगून झाला होता.

शेवटी शेजारच्या पिदादनं मनावर घेतलं. तिचं आणि रोमाल्दचं कुंपण एक, विहीर एक, आणि दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते कळलं नाही तर तिला जेवण जात नाही. रोमाल्दच्या दिवाणखान्याच्या खिडकीला काचेच्या जागी बसवलेल्या शिंपल्यांतला एक फुटलेला आहे, हे तिला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. एका दुपारी ती लिंबं काढायच्या निमित्तानं तिथे गेली आणि डोळा लावून उभी राहिली.

आत बाई नव्हती. रोमाल्द एकटाच होता. शर्टाच्या खिशावर दुखवट्याची काळी पट्टी, पायात लाकडी टाचा ठोकलेले त्याचेच जुने बूट. डावा हात कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा हवेत ठेवलेला, उजवा हात कुणीतरी धरलाय असा बाजूला. आणि तोंडानं पुटपुटत तो उलटा चालत होता. एक, दोन, तीन. एक, दोन, आणि मग मागे सोफा आला. रोमाल्द सोफ्यावरून पलीकडे गेला, आणि बराच वेळ तिथून वर आला नाही.

पिदाद हसायला म्हणून तोंडावर हात ठेवून घरी पळाली. घरी पोचल्यावर मात्र तिला हसू येईना. त्या उलट्या चालण्यात काय होतं ते तिला नीट सांगता आलं नाही. पाववाल्याला तिनं एवढंच सांगितलं, "बाई नाही घरात. बाई नाही, हेच दुखणं आहे त्याचं."

रोमाल्दच्या दारावर पत्र्याची पाटी आहे. तिच्यावर दोन नावं आहेत, रोमाल्द आणि एर्मेलिंद, आणि खाली नाचणारं एक जोडपं रंगवलेलं आहे. त्यातल्या पुरुषाचं डोकं गंजानं खाल्लंय. आमच्या गावात आणि आसपासच्या चार गावांत ज्याला म्हणून लग्नात नाचावं लागलं, तो या पाटीखालून आत गेलेला असतो. पद्धत अशी होती, की पुरुषांना रोमाल्द दिवाणखान्यात शिकवायचा आणि बायकांना एर्मेलिंद मागे स्वयंपाकघरात. मधलं दार बंद. दोन्हीकडचे पाय सरावले, की शेवटच्या दिवसांत दार उघडायचं आणि जोड्या लावायच्या. एर्मेलिंद म्हणायची, "आधीच एकत्र ठेवले तर ते नाच सोडून सगळं शिकतात."

नव्या मुलांना पहिल्या दिवशी दोघं सगळे नाच समजावून सांगायची. त्यासाठी मात्र दार उघडं असे, कारण एर्मेलिंदला मध्ये बोलल्याशिवाय राहवत नसे.

रोमाल्द छाती काढून सुरू करायचा, "फॉक्सट्रॉट म्हणजे पहिल्यांदा सासुरवाडीला जाणं. सावकाश, सावकाश, मग पटपट. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही."

"हा गेला होता तेव्हा दारातच घसरला होता," स्वयंपाकघरातून आवाज.

"जाइव्ह म्हणजे लाल मुंग्यांच्या वारुळात पाय पडल्यावर माणूस करतो ते. फक्त बाजाबरोबर."

"आणि तोंड बंद ठेवून."

"मांडो हा आपला." इथे रोमाल्दचा आवाज जरा खाली यायचा. "पुरुष एका ओळीत, बायका समोर. जवळ यायचं, बाजूनं निघून जायचं, वळून पाहायचं. अंगाला अंग लागता कामा नये. नवरा-बायकोचं भांडण झालंय, बोलणं बंद आहे, पण घर एकच आहे. तसं."

 यावर स्वयंपाकघरातून नुसता मांडोचा हातपंखा उघडल्याचा आवाज यायचा.

"आणि वॉल्ट्झ," तो म्हणायचा, "वॉल्ट्झ म्हणजे पेज. ढवळत राहायची. थांबलात तर तळाला लागली."

मग पोरं विचारायची, की सिनेमातले नाच शिकवणार का. रोमाल्द म्हणायचा, ते टीव्हीवर बघून या, पडलात की उचलायला मी आहे. पुढे पुढे तेही शिकवावे लागले. एर्मेलिंदनं गुडघ्याला तेल चोळत चोळत तेही शिकवले.

तो बोटीवर होता तेव्हा हे सगळं शिकून आला. नाचायला नव्हे, उतारूंच्या बैठकीत पेले वाटायला. वेटरनं नाचायचं नसे. हातावर तबक तोलून तो भिंतीशी उभा राहायचा आणि साहेबमडमांचे पाय पाहायचा. मग खाली कोठीत जाऊन खुर्चीला मिठी मारून तेच करायचा. सुटीवर आला, एर्मेलिंदशी लग्न झालं, आणि त्या लग्नात तो असा नाचला म्हणतात, की बँडवाला वाजवायचं विसरला. बँडवाल्यानं किती घेतली होती हे कुणी सांगत नाही.

पावसाळा सरता सरता एर्मेलिंदला ताप आला. साधाच वाटला. ती अंथरुणातून ब्लाझियाला म्हणाली होती, "तू डिसेंबर लागला की ये. तुला मी स्वतः शिकवीन. तुझ्या आईला पण मीच शिकवलं." मग ताप डोक्यात गेला आणि डिसेंबर लागायच्या आत आम्ही तिला देवळाच्या मागे मातीत पोचवून आलो.

ब्लाझिया ही रोमाल्दच्या चुलतभावाची मुलगी. तिच्या बाप्तिस्म्याला रोमाल्द पाद्रीन म्हणून उभा राहिला होता. बाप नसेल तेव्हा बापाच्या जागी उभं राहायचं, असा शब्द त्यानं देवळात दिलेला. तिचा बाप कुवेतला गेला तो पेटीतूनच परत आला. आता तिचं लग्न आमच्याच गावच्या अँसेल्मशी ठरलं होतं, आणि ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आत ते उरकायचं होतं. बोलल्याप्रमाणे ती डिसेंबरात आली. दारातच उभी राहिली. पाटी वाचत असल्यासारखं केलं आणि म्हणाली, "पाद्रीन, मी घरी जाऊ का? माझ्या लग्नात नाच नसला तरी चालेल."

"कोण म्हणतं चालेल?"

"काकू नाही. मला शिकवणार कोण?"

 पुरुषाचं प्रत्येक पाऊल रोमाल्दला झोपेत येत होतं. बायकांचं एकही येत नव्हतं. नाचताना पुरुष बाईच्या डोक्यावरून समोर बघतो. एवढ्या वर्षांत त्यानं एर्मेलिंदच्या डोक्यावरून समोरची भिंतच पाहिली होती. तिचे पाय त्यानं कधी पाहिलेच नव्हते.

"पुढच्या महिन्यात ये," तो म्हणाला. "येताना अँसेल्मला घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी तो मडगावच्या चांभाराकडे बूट घेऊन गेला. "उंच टाच ठोक."

चांभारानं बूट उलटा करून पाहिला. "हे पुरुषाचे."

"असू दे."

"नाटकात काम करताय?"

"हो," रोमाल्द म्हणाला. "बायकोचं."

तेव्हापासून दुपारचा तो आवाज. पिदाद खिडकीशी येऊन गेल्याचं रोमाल्दला कळलं होतं, कारण लिंबाच्या झाडाला लिंबंच नव्हती. तिनंही आडपडदा ठेवला नाही. पेजेचं भांडं घेऊन सरळ दारात आली.

"काय रे, दुखवट्यात नाच?"

"बाजा ऐकू येतो का तुला?"

"नाही."

"मग नाच नाही. मी चालतो. उलटं चालायला पाद्र्यानं मनाई केली आहे का?"

"पडायला पण केलेली नाही," पिदाद म्हणाली. "सोफा तेवढा सरकव. एर्मेलिंदनं विकत घेतलेला आहे तो."

महिन्यानं ब्लाझिया आणि अँसेल्म आले. रोमाल्दनं आपली पावलं उलटी करकरून बायकांचा वॉल्ट्झ मनाशी जुळवला होता. तो बरोबर आहे का हे पाहायचं, तर कुणीतरी त्याला नाचवायला हवं होतं. अँसेल्म गेल्याच वर्षी त्याच्याकडे शिकून गेला होता, पुरुषांची पावलं पक्की. रोमाल्दनं टाचांचे बूट चढवले, डावा हात अँसेल्मच्या खांद्यावर ठेवला, आणि म्हणाला, "हसायचं नाही. चल."

ब्लाझिया खुर्चीवर बसून ओठ चावत होती.

बाजा नव्हता, रोमाल्द तोंडानंच मोजत होता. सरळ होतं तोवर सगळं ठीक चाललं. कोपऱ्यात वळायची वेळ आली आणि अँसेल्मचा गुडघा रोमाल्दच्या मांडीत घुसला. पुन्हा केलं. पुन्हा तेच, या वेळी बूट बुटावर.

"पाऊल लांब टाकतोस," रोमाल्द म्हणाला.

"मास्तर, तुम्ही शिकवलंय तेच टाकतोय."

"मी असं शिकवलं?"

"मग काय मी घरून आणलं?"

रोमाल्दनं बूट काढले. अनवाणी पायांनी, पुरुष म्हणून, त्या कोपऱ्यात स्वतः वळून पाहिलं. मग जागच्या जागी उभं राहून आपल्या पायाकडे बघत राहिला. पाऊल लांब पडत होतं. समोर बाई असती तर तिच्या पायावर पडलं असतं.

आमच्या गावच्या पुरुषांची एक ख्याती आहे. बाहेरगावच्या देवळाच्या फेस्ताला, म्हणजे जत्रेला, गेले आणि तिथल्या मुलींबरोबर वॉल्ट्झ नाचले, की मुली लंगडत परत जातात. आजवर सगळे म्हणायचे, फेणीचा प्रताप. गावातल्या बायकांचे पाय मात्र कधी चिरडले गेले नव्हते. त्यामुळे आमच्याकडच्या मुली आमच्याकडेच दिल्या जातात, असाही एक विनोद होता. रोमाल्दही त्यावर हसायचा.

तो तसाच अनवाणी कुंपणाकडे गेला. पिदाद पलीकडे बांगडे साफ करत बसली होती.

"पिदाद, तुला वॉल्ट्झ कुणी शिकवला?"

"तुझ्या बायकोनं. तू काय आज विचारतोस?"

"कोपऱ्यात वळताना ती तुम्हाला काय करायला सांगायची?"

पिदादची सुरी थांबली. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग बांगड्याकडे.

"तुला अजून ठाऊक नाही?"

"नाही."

"आता सांगून काय उपयोग रे."

"सांग."

"पहिल्याच दिवशी सांगायची. दार लावून. म्हणायची, दिवाणखान्यातले वळताना लांब पाऊल टाकतात, तर तुम्ही त्याच्या आधी अर्धं पाऊल चोरून मागे सरायचं. झग्याखाली दिसत नाही." पिदादनं हात पाण्यात बुडवले. "आणि दिवाणखान्यात बोलायचं नाही, अशी शपथ होती."

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"आम्ही पण विचारलं होतं. म्हणाली, त्याला वाटतं तो फार छान नाचतो. आणि तसं वाटत असलं की तो खरंच छान नाचतो. अर्ध्या पावलाचाच तर प्रश्न आहे."

रोमाल्द कुंपणाशी उभा राहिला. त्याला बोटीवरची बैठक आठवली. भिंतीशी तबक तोलून उभा असलेला आपण, आणि जमिनीवर फिरणाऱ्या जोड्या. बोट एका अंगाला कलायची, आणि त्या वेळी वळणाऱ्या जोडीचं पाऊल आपसूक लांब जायचं. तेवढं पाऊल नाचाचं नव्हतं. ते समुद्राचं होतं. तो ते नाच समजून घरी घेऊन आला, हलत नसलेल्या जमिनीवर गावभर शिकवत बसला, आणि त्याची बायको आयुष्यभर त्या लाटेतून अर्धं पाऊल मागे सरत राहिली.

त्यानंतर दोन-तीन दुपारी टाचांचा आवाज आला नाही. गाव बेचैन झालं. पाववाल्यानंसुद्धा दोनदा घंटी वाजवली.

चौथ्या दुपारी रोमाल्दनं दोघांना बोलावलं आणि अँसेल्मला उभं केलं. "हे पाऊल आखूड कर."

"मास्तर, माझा बाप असाच नाचतो. काका असाच नाचतो."

"तुझ्या बापाला तुझ्या आईनं सांभाळलं. ही का सांभाळील?"

"मी सांभाळीन की," ब्लाझिया खुर्चीवरून म्हणाली. "पिदादमावशीनं सांगितलं मला सगळं. मला ते अर्धं पाऊल शिकव, पाद्रीन. काकूचं आहे ते."

हेच त्याला त्या दोन-तीन दुपारी छळत होतं. चूक तशीच ठेवली, तर एर्मेलिंदचं पाऊल या मुलीच्या पायात राहणार होतं, पुढे तिच्या मुलीच्याही. चूक दुरुस्त केली, की ते पाऊल गेलं. एर्मेलिंदचे झगे वाटून झाले होते. पंखा पेटीत तिच्याबरोबर गेला होता. हेच काय ते उरलं होतं, आणि ते त्यानंच पुसायचं होतं.

"तुला ते लागणार नाही," तो म्हणाला.

"पण..."

"लागू नये म्हणूनच हा आखूड करतोय ना. एकीनं केलं तेवढं पुरे."

अँसेल्मचे पाय वळवायला फार दिवस गेले. वाईट सवय मोडताना तो दर वळणावर एखाद्या बैलासारखा अडायचा. पण जमलं. शेवटच्या दिवशी ब्लाझिया म्हणाली, "एकदा दाखव तरी." रोमाल्दनं ते अर्धं पाऊल तिला एकदाच दाखवलं. टक्. इतकं बारीक होतं, की तिनं पाहिलं की नाही, तिलाच कळलं नाही.

लग्न देवळाजवळच्या मांडवात झालं. दुखवट्यातल्या माणसानं देवळात यावं, जेवावं, आशीर्वाद द्यावा, नाचू नये. रोमाल्द काळी पट्टी लावून खांबाशी बसला. नवरानवरीचा वॉल्ट्झ सुरू झाला. कोपरा आला, अँसेल्मचं पाऊल आखूड पडलं, ब्लाझिया सरळ वळली, आणि कुणाला काही कळलं नाही. मग जुन्या जोड्या उठल्या.

अशा वेळी रोमाल्द नेहमी स्वतः नाचत असायचा. बसून बघण्याची ही त्याची पहिलीच वेळ. पुरुष कोपऱ्यात आले की लांब पाऊल टाकत होते, आणि त्याच्या आधी झग्यांच्या कडा किंचित मागे हलत होत्या. पिदादची हलली. अँसेल्मच्या आईची हलली. कोपरा आला की एकेकीची हलायची, आणि एकही पुरुष खाली बघत नव्हता. रोमाल्दनं रुमाल काढला आणि घाम आल्यासारखं कपाळ पुसलं. हवा तर थंड होती.

मग माइकवाल्यानं नवरीनं बापाबरोबर नाचायची वेळ झाली म्हणून सांगितलं, आणि सांगून बसल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो खोकला. ब्लाझियाची आई ताटाकडे बघू लागली. माइकवाला पुढचं गाणं सांगणार, तेवढ्यात ब्लाझिया झगा उचलून सरळ खांबाकडे आली. रोमाल्दसमोर उभी राहिली आणि पुरुष बाईपुढे धरतो तसा तिनं हात पुढे केला.

"दुखवटा आहे त्याला," कुणी म्हातारी मागून म्हणाली.

रोमाल्द उठला. त्याचा डावा हात तिच्या खांद्यावर गेला, उजवा तिच्या हातात. मांडवातले पुरुष हसू लागले, कारण नवरी नाचवणार होती आणि मास्तर नाचणार होता. पहिलं पाऊल त्यानं मागे टाकलं, आणि लाकडी फळ्यांवर टक् वाजलं. तेव्हा गावाला कळलं की त्यानं कोणते बूट घातलेत. लग्नाला घालण्याजोगे दुसरे नव्हते, असं तो नंतर म्हणाला. कुणी विश्वास ठेवला नाही.

कोपरा जवळ आला. तो तिच्या कानाशी म्हणाला, "लांब टाक. माझ्यासारखं."

तिनं टाकलं, अगदी त्याच्यासारखं, समुद्रावर असल्यासारखं लांब. आणि त्याच्या आधी रोमाल्द अर्धं पाऊल मागे सरला. टक्.

आधी बायकांचं बोलणं थांबलं. पुरुषांना काय झालं ते कळलं नाही, पण त्यांचं हसूही मग थांबलं. पिदादनं हातातला पेला खाली ठेवला. प्रत्येक कोपऱ्यात ते पाऊल वाजत होतं, आणि मांडवातल्या सगळ्या बायका ते झग्याशिवाय, उघड्यावर, पहिल्यांदा बघत होत्या. बाजा थांबला तेव्हा ब्लाझियानं रोमाल्दचा हात लगेच सोडला नाही. तोही वळून बसायला गेला नाही. 

पुढच्या रविवारी मिस्साची प्रार्थना सुटल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर पिदादनं त्याला गाठलं. चार बायका तिच्यामागे ऐकायला उभ्या होत्याच.

"रोमाल्द, तू दुखवट्यात नाचलास. वर्ष तरी सरू द्यायचं होतंस."

रोमाल्दनं खिशावरची काळी पट्टी सरळ केली.

"दुखवट्यात रोमाल्द आहे, पिदाद. नाचली ती एर्मेलिंद."